जूनपर्यंत थांबलं तर

परळ,
९ फेब्रुवारी

श्रीमती इरावती तोरसकर यांस,

पत्र बघून आश्चर्य वाटेल. फोन करता आला असता, नंबर अजून आहे माझ्याकडे. पण फोनवर आपलं काय होईल ते मला माहीत आहे. दादाच्या तेराव्याला झालं ते पुन्हा नको. म्हणून लिहिते.

काम एकच आहे. मला दादाची फाइल हवी. पहिल्यापासूनचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं. झेरॉक्स चालेल. तुम्ही त्याची बायको, तेव्हा ती तुमच्याकडेच असणार.

कारण सांगायला हवं. माझ्या मानेला गाठ आली आहे. उजव्या बाजूला, कानाखाली जरा मागे. दिवाळीनंतर एकदा पोहण्याच्या टँकवरून आल्यावर केस पुसताना हाताला लागली. तेव्हा चिंचोक्याएवढी होती, आता सुपारीएवढी झालीय. दुखत अजिबात नाही. अँटिबायोटिक घेऊन झालं, सोनोग्राफी झाली, सुईनं पेशी काढून तपासून झाल्या. रिपोर्टात लिहिलंय, नक्की निदान करता येत नाही. सर्जन, डॉ. बांदिवडेकर, म्हणतात की आख्खी गाठ काढायची आणि तपासायला पाठवायची. घरात आणखी कुणाला असं होतं का, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सख्ख्या भावाला. पुढे काय झालं, तेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, त्यांची फाइल मिळाली तर घेऊन या.

तुमच्या राजसला कळवू नका. तो माझ्या श्रेयाला सांगेल आणि ती बंगलोरहून पहिल्या विमानानं येईल. सध्या फक्त गौतमला माहीत आहे.

दुर्गा गौतम धुरी


ठाकूरद्वार,
१३ फेब्रुवारी

चि. दुर्गा,

तुझ्या पत्रावरचं अक्षर मी पाकीट न फोडताच ओळखलं. लिहिलंस हे चांगलं केलंस.

फाइलच्या झेरॉक्स सोबत पाठवते आहे. तारखांप्रमाणे लावल्या आहेत. विमा कंपनीत तीस वर्षं कागदच लावले, ती सवय गेलेली नाही. एक-दोन चिठ्ठ्यांवरची शाई उडाली आहे, त्या तशाच आल्या.

थोडक्यात सांगायचं तर असं झालं. अवधूतला गाठ गणपतीच्या दिवसांत दिसली. तुझ्यासारखीच, मानेला, न दुखणारी. त्याचीही सुईची तपासणी झाली आणि त्यातूनही काही ठरलं नाही. गाठ काढा म्हणून सर्जननी ऑक्टोबरात सांगितलं. आम्ही थांबलो. मे महिन्यात काढली, तेव्हा ती एकटी राहिली नव्हती. छातीत आणि पोटातही गाठी होत्या. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मग औषधं सुरू झाली, ती तुला माहीत आहेत. पुढच्या जानेवारीत तो गेला.

तुझी गाठ तशीच असेल असं मुळीच नाही. अशा गाठी शंभर कारणांनी येतात, हे मला त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती कशानं आली हे कळण्यासाठी ती बाहेर काढावी लागत असेल, तर काढून घे. वेळ लावू नकोस.

गौतमरावांना नमस्कार. राजसला काही सांगणार नाही.

इरावती


परळ,
२३ फेब्रुवारी

वहिनी,

फाइल मिळाली. एकेक कागद वाचला. इंग्रजी अडलं तिथे गौतमनं सांगितलं.

ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर सर्जनच्या हातचं लिहिलेलं आहे. गाठ काढण्याचा सल्ला दिला, पत्नीला विचारासाठी वेळ हवा. पत्नीला. मी ती ओळ गौतमकडून दोनदा वाचून घेतली. तुम्ही पत्रात लिहिता, आम्ही थांबलो. आम्ही म्हणजे कोण?

तीन वर्षं मला कधीकधी वाटायचं की मी तेराव्याला जास्त बोलले. आता तसं वाटत नाही. माझा दादा समुद्राला भ्यायला नाही. मला पोहायला त्यानं शिकवलं ते गिरगावच्या चौपाटीवर, टँकमध्ये नाही. बाबांच्या मागे चौदाव्या वर्षी त्यानं घर उचललं. तो एकटा असता तर दुसऱ्या दिवशी जाऊन टेबलावर आडवा झाला असता.

माझ्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. मी जूनपर्यंत थांबायचं म्हणते आहे. डॉक्टरांनीच सांगितलं की गाठ जिथे आहे तिथून खांदा उचलायची नस जाते. जपून काम करतात, पण कधी ती दुखावते आणि हात काही महिने वर जात नाही. क्वचित कायमचाही. आता मी पंचावन्नची. एकवीस वर्षं दादरच्या टँकवर बायकांना पोहायला शिकवते आहे. हात वर गेला नाही तर मी काय शिकवणार? एक एप्रिलपासून सुट्टीतल्या बॅच सुरू होतात. शिवाय सकाळच्या बॅचला एक अंबिकाताई येतात, एकसष्ट वर्षांच्या. महिना झाला तरी कठड्याची दांडी सोडत नाहीत, फक्त माझा खांदा धरून दोन पावलं पुढे येतात. त्यांना मी अर्ध्यात कशी सोडू?

मे संपला की करीन. गाठ दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. आणि दादापेक्षा माझं वेगळं आहे. मला कुणी अडवलेलं नाही. माझं मी ठरवते आहे.

दुर्गा


ठाकूरद्वार,
२७ फेब्रुवारी

चि. दुर्गा,

आम्ही म्हणजे कोण, हे तू बरोबर विचारलंस. मी तो शब्द लिहिताना अडखळले होते. आज सगळं लिहिते. हे मी कुणाला सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि ज्याला कबूल केलं तो आता नाही. बरोबर करते आहे की चूक, मला कळत नाही.

त्या दिवशी सर्जनच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. छोटं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाल, असं ते म्हणाले. अवधूत हसला आणि म्हणाला, काढू की. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "पण हिला जरा वेळ हवाय, डॉक्टर. ही घाबरट आहे."

मला काहीच समजेना. मी बोलायला तोंड उघडलं, आणि टेबलाखाली त्यानं माझं मनगट धरलं. त्याचा तळवा घामानं भिजला होता. मी म्हटलं, हो, थोडा वेळ द्या. तुला चिठ्ठीत सापडलेली ओळ ती ही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं बाबांचं सांगितलं. तुझे बाबा हृदयविकारानं गेले असं तुला वाटतं. ते हर्नियाच्या ऑपरेशनला गेले होते. गिरणीतून रजा टाकून, स्वतःच्या पायांनी चालत. भूल दिली आणि ते पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत. मोठं माणूस कुणी मोकळं नव्हतं म्हणून बाहेर बाकावर अवधूत बसला होता. तू चार वर्षांची होतीस. तुला दवाखान्याची धास्ती बसू नये म्हणून त्यानं तुला हृदयविकार सांगितला, आणि पुढे तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मी त्याची समजूत घातली. रागावले. रडलेसुद्धा. त्यानं दर वेळी हो म्हटलं आणि दर वेळी काहीतरी काढलं. दिवाळी होऊ दे, राजसची परीक्षा होऊ दे, होळीला गावाला जाऊन येऊ. डॉक्टरांचा फोन आला की सांगायचा, मिसेस तयार नाहीत. तुम्हा घरच्यांनाही तेच सांगायचा. एकदा मी त्याला म्हटलं, निदान दुर्गाशी बोल, ती तुला समजावेल. तर म्हणाला, "दुर्गीला कळता कामा नये. तिला वाटतं मी कशालाच भीत नाही. तेवढं एक राहू दे." मी कबूल केलं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस की मी तुझ्या भावाला मारलं. जाईकाकू होत्या, राजस होता, माझ्या माहेरची माणसं होती. मी गप्प बसले. शब्द दिला होता म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. पण ते अर्धंच खरं. तू म्हणत होतीस त्यातलं थोडं मलाही पटत होतं. मी त्याला ओढून न्यायला हवं होतं. टेबलाखालचा हात सोडवून डॉक्टरांना सांगायला हवं होतं की मी नाही, हा घाबरलाय. ते मी केलं नाही. तेवढा दोष माझा आहे आणि तो मी कुणावर टाकत नाही.

आता सांगितलं ते तुझ्या पत्रामुळे. दिवाळी, परीक्षा, होळी, तशी तुझी बॅच, अंबिकाताई, जून. तुला कुणी अडवलेलं नाही असं तू लिहितेस. त्यालाही कुणी अडवलं नव्हतं.

खांद्याची काळजी खरी असेल, तर ती डॉक्टरांसमोर बसून नीट विचार. दुसरी कसली असेल तर तीही विचार. उत्तर ऐकून मग जे ठरवायचं ते ठरव. माझ्यावर राग राहिला तरी चालेल.

इरावती


परळ,
१८ मार्च

वहिनी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा मी तुमचं पत्र खोटं आहे असंच धरून चालले होते. गेलेला माणूस काय सांगायला येणार, म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं, असं गौतमला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, जाईकाकू अजून आहेत, त्यांना विचार.

मग लालबागला गेले. काकू आता चौऱ्याऐंशीच्या. ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं आठवतं. मी विचारलं, काकू, माझे बाबा कशानं गेले? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, तुला कुणी सांगितलं? तिथेच मला कळलं.

त्या दिवशी दादाला घरी आणायला काकूच गेल्या होत्या. तो बाबांच्या चपला हातात घेऊन बाकावर बसला होता. आत जाताना बाबांनी त्याच्याकडे दिल्या होत्या. परळहून लालबागपर्यंत तो त्या हातात धरूनच चालत आला. काकूंनी पिशवीत टाक म्हटलं तर टाकेना. घरी आल्यावर त्यानं मला मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य हे बोलला, की बाबांचं हृदय बंद पडलं. काकू म्हणाल्या, चौदा वर्षांचं पोर स्वतःहून असं बोललं, मग आम्ही कुणी काही बोललो नाही.

मी दादाची लाडकी. एक्कावन्न वर्षं मला हे माहीत नव्हतं.

मग डॉ. बांदिवडेकरांकडे गेले. तुम्ही लिहिलं होतं तसं विचारलं. आधी खांद्याचं. त्यांनी कागदावर मान काढून दाखवली, गाठ कुठे, नस कुठे. म्हणाले, नस आधी शोधून बाजूला ठेवतात. हात थोडे दिवस कमजोर पडू शकतो, बहुतेकांचा व्यायामानं सुधारतो, शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही. मग मी दुसरं विचारलं. म्हटलं, मला भुलीची भीती वाटते. माझे वडील उठले नव्हते.

ते हसले नाहीत. केव्हाची गोष्ट, विचारलं. मी साल सांगितलं. त्यांनी भूल देणाऱ्या बाईंनाच खोलीत बोलावलं. त्या अर्धा तास बसल्या. तेव्हा काय नव्हतं आणि आता काय असतं, ते सगळं समजावलं, आणि वडिलांची गोष्ट माझ्या कागदांवर लिहून घेतली. निघताना मी जूनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "साधी असेल तर जूनमध्येही साधीच निघेल. नसेल तर तीन महिने तिला आपणच दिलेले असतील. मला आज सांगता येत नाही ती यातली कोणती."

सव्वीस तारीख घेतली आहे. सकाळी आठला. टँकवर सांगितलं, एप्रिलच्या बॅच दीपिका बघेल. ती माझ्याच हाताखाली शिकली. श्रेयालाही सांगितलं. रडली, चिडली, येते आहे.

गौतम आहेच सोबत. तुम्हाला नुसतं कळवलं.

दुर्गा


ठाकूरद्वार,
२१ मार्च

चि. दुर्गा,

या म्हणाली नाहीस, तरी मी येते आहे. सातला पोचेन. गौतमराव कागदपत्रांच्या खिडकीवर अडकतील तेव्हा तुझ्याजवळ कुणीतरी हवं.

राजसला आता सांगू का, तेवढं कळव. माझ्या आवाजावरून त्याला संशय आलाच आहे.

इरावती


परळ,
२१ एप्रिल

वहिनी,

त्या दिवशी आत नेईपर्यंत तुम्ही तासभर माझ्या शेजारी बसला होतात आणि आपण बोललो ते पंख्याबद्दल आणि कॅन्टीनच्या चहाबद्दल. नंतर घरी दोनदा आलात तेव्हाही श्रेया मध्ये होती. समोर बसलं की मला जमत नाही. कागदावर जमतं असं दिसतंय.

रिपोर्ट तुम्हाला फोनवर कळलाच. टीबी. नुसता त्या गाठीतला, फुप्फुसं स्वच्छ आहेत. सहा महिने गोळ्या. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना तीनदा विचारलं, म्हणजे दादासारखं नाही ना? नाही म्हणाले. बाहेर येऊन गौतम आणि मी नारळपाणी प्यायलो आणि वेड्यासारखे हसत सुटलो. टीबी झाला म्हणून हसणारी माणसं त्या नारळवाल्यानं पहिल्यांदाच बघितली असतील.

हसू फार दिवस टिकलं नाही. टँकवर खरं ते सांगितलं. हा टीबी खोकल्यातून पसरत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तरी दोन बायकांनी बॅच सोडली. एकीनं माझ्यासमोरच मुलीला बाजूला ओढलं. वाईट वाटलं. आमच्या चाळीत टीबीच्या माणसाचं पेला-ताट वेगळं ठेवायचे ते आठवलं.

हात अजून खांद्याच्या वर पुरता जात नाही. वेणी श्रेया घालून गेली, आता गौतम घालतो, वाकडी. फिजिओथेरपीची मुलगी म्हणते दोन-तीन महिने लागतील. मी काठावर खुर्ची टाकून बसते आणि ओरडून शिकवते. मला ते आवडत नाही, पण चालतं.

दादाची फाइल डॉक्टरांना दाखवली. ऑक्टोबरात काढली असती तर तो वाचला असता का, एवढंच विचारलं. त्यांनी बराच वेळ कागद चाळले. म्हणाले, त्या प्रकारात काही बरे होतात, काही लवकर सापडूनही होत नाहीत. त्यांच्याबाबतीत काय झालं असतं ते मी सांगितलं तर ती थाप होईल. मला वाटलं होतं की याचं उत्तर असेल, एकीकडचं किंवा दुसरीकडचं. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर हे कळलेलं बरं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. रविवारी जाईकाकूंचा वाढदिवस होता. सगळे तोरसकर जमले होते, तेराव्याला होते जवळपास तेवढे. तुम्हाला बोलावलं नव्हतं. तीन वर्षं कुणी बोलावत नाही, ते माझ्यामुळे. जेवणं झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, तेराव्याला मी वहिनींना जे बोलले ते खोटं होतं. त्यांनी दादाला अडवलं नव्हतं. मला एवढ्यावरच थांबायचं होतं. पण धाकट्या काकांनी विचारलं, मग ऑपरेशन इतकं लांबलं कुणामुळे?

तुम्ही कबूल केलं होतं, मी नव्हतं केलं. शेवटी म्हटलं, दादा घाबरला होता.

मला वाटलं आता काहीतरी होईल. दादाबद्दल कुणी काही बोललं तर काय उत्तर द्यायचं ते मी मनात ठरवूनही ठेवलं होतं. पण कुणी काही बोललं नाही. काकांनी नुसती मान हलवली. काकूंना ऐकू गेलं नाही म्हणून मी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या, "मगे? घाबरतलोच. माणूस होतो तो." आणि मला विचारलं, खीर घेतलीस का.

एवढंच झालं, वहिनी. ज्याच्यासाठी तुम्ही तीन वर्षं माझं बोलणं पोटात ठेवलंत, ते सांगायला एक मिनिट लागलं आणि ऐकणाऱ्यांना ते साधंच वाटलं.

मी तुमची माफी समोर बसून मागणार होते, ती इथेच मागते. मला माफ करा.

तुमची
दुर्गा


ठाकूरद्वार,
२७ एप्रिल

प्रिय दुर्गा,

पत्र आलं त्या दिवशी मला तुझा राग आला. त्याची एक गोष्ट माझ्याकडे सांभाळायला होती, ती तू जेवणानंतर सगळ्यांसमोर ठेवलीस. दोन दिवस तो राग होता. लपवत नाही.

मग काल धाकटे काका आणि त्यांची सून घरी आली. आधी कळवलं नव्हतं. अवधूतच्या फोटोला हार घालावा म्हणून फुलं आणली होती. काका निघताना उंबऱ्याशी थांबले आणि म्हणाले, त्यानं आम्हाला सांगायला हवं होतं, आम्ही सगळे सोबत जाऊन बसलो असतो. मी दार लावलं आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं रडले.

माफी मागितलीस, ती मी घेतली. पुन्हा मागू नकोस. हाताचा व्यायाम चुकवू नकोस आणि गोळ्या सहा महिने पुऱ्या घे, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडू नकोस.

जाईकाकूंचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घाबरतलोच, माणूस होतो तो. मी आठवून पाहिलं, त्या सात महिन्यांत मी त्याला काय काय म्हटलं. समजावलं, रागावले, तारखा घेतल्या, मोडल्या. आणि रोज एक वाक्य म्हटलं, घाबरू नकोस. रोज. तू घाबरला आहेस ते ठीक आहे, आपण तसेच घाबरलेले जाऊ, असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. मला ते सुचलंच नाही, दुर्गा.

तुझी
इरावती